जागृतीचा उजवा कान

दोन हजार चव्वेचाळीस साली आमच्या घरात माझ्या सुनेचा धडधाकट उजवा कान मारायचं ठरलं. ठरवणारे सगळे शिकलेले होते, आणि तिच्यावर माया करणारेही होते. त्यांतला एक माझा मुलगा. आज नऊ वर्षं झाली, तरी ते साल आठवलं की माझं डोकं तापतं. शांत होऊन लिहावं म्हणून मी कितीदा बसले आणि उठले. आता तापलेल्या डोक्यानंच लिहिते.

खारेपाटातलं आमचं गाव तेव्हा अजून गावासारखं होतं. समुद्राचं पाणी बांधाच्या पलीकडेच थांबायचं. विमानतळाचा रस्ता आला होता, घराघरांत पडदे बोलायला लागले होते, पण लग्नात धवलारीण लागायचीच. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. आमच्या आगरी लग्नात देवांना आणि घरातल्या मेलेल्या माणसांना आवतण द्यायचं ते गाण्यातून, आणि ते देणारी बाई म्हणजे धवलारीण. माझ्या लहानपणी गोमाआत्या होती. तेव्हा गावात कर्णा नव्हता. गोमाआत्या मांडवात बसून गायची आणि आम्हाला ते खाडीच्या बांधावर ऐकू यायचं.

धवले, म्हणजे ही गाणी, छापून ठेवता येतात, ध्वनिमुद्रणंही झाली आहेत. पण प्रत्येक घराची मेलेली माणसं वेगळी. त्यांची नावं चालीत बसवायची, नाव आखूड असेल तर सूर कुठे खेचायचा, लांब असेल तर कुठे आवरायचा, हे शिकवायची आमच्याकडे एकच रीत आहे. शिकणारणीनं म्हातारीच्या शेजारी बसून तिच्या तोंडाशी आपला कान न्यायचा. माझी सून जागृती पदवीधर बाई, बँकेत नोकरी केलेली. लग्न होऊन आली आणि गोमाआत्याच्या तोंडाशी कान लावून बसली, ती म्हातारी जाईपर्यंत. मी चाळीस वर्षं शाळेत शिकवलं, पण तसं शिकणं मी एकाही वर्गात पाहिलं नाही.

तिचा डावा कान दोन हजार अडतीस साली बिघडला. आधी दडा बसल्यासारखं झालं. मग कानात गिरणीची घरघर. आणि एका सकाळी ती भाकरी थापताना परातीवरच कोसळली. घर गरागरा फिरत होतं म्हणाली. दुपारपर्यंत जमिनीला पालथी चिकटून होती, डोळे मिटून, ओकत. शेवटी हर्षदनं, माझ्या मुलानं, तिला उचलून खाटेवर ठेवलं.

कानाच्या डॉक्टर मेहेंदळेबाईंनी नाव सांगितलं, मेनिएरचा आजार. मग कागदावर चित्र काढून समजावलं. कानाच्या आत, हाडात, एक गोगलगाय आहे आणि तिला जोडून तीन अर्धी कडी. गोगलगाईनं ऐकायचं, कड्यांनी तोल सांभाळायचा. या सगळ्याच्या आतून एक पापुद्र्याची पिशवी जाते. पिशवीत एक पाणी, पिशवीबाहेर दुसरं. या आजारात आतलं पाणी साठतं, पिशवी फुगते, आणि पापुद्रा ताणून फाटला की दोन्ही पाणी मिसळतात. मग कान मेंदूला खोटं सांगू लागतो, की तू फिरतो आहेस. पापुद्रा पुन्हा जुळतो, माणूस उठून बसतो, पण दर खेपेला ऐकणं थोडं कमी झालेलं असतं.

"मीठ कमी करा," बाई म्हणाल्या.

"कमी म्हणजे सुकट चालेल?" जागृतीनं विचारलं.

"सुकट, बोंबील, लोणचं, पापड, काही नाही."

"म्हणजे माहेरी जाऊच नको, असंच सांगा ना!"

तीन वर्षांत डावा कान जवळपास गेला आणि झटकेही विरळ झाले. जागृती उजव्या कानावर जगायला शिकली. पंगतीत माणसांना आपल्या उजव्या हाताला बसवायची. गाणं चालूच होतं. पण मेहेंदळेबाईंनी एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगून ठेवली होती. हा आजार बहुतेकांना एकाच कानाला होतो. काहींचा मात्र दुसरा कानही पाच, दहा, वीस वर्षांनी त्याच वाटेनं जातो. कोणाचा, ते सांगता येत नाही. आणि दोन्ही गेले तर ऐकणं जातंच, शिवाय तोलही जातो. अंधारात चालता येत नाही. उजेडात चालताना समोरची झाडं पावलागणिक वरखाली उडतात.

हे वाक्य हर्षदच्या मनात रुतून बसलं. तो नवी मुंबईत वैद्यकीय यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत इंजिनीअर होता. चार वर्षं त्यानं आणि त्याच्या लोकांनी खपून एक यंत्र बनवलं. 'हे मी जागृतीसाठी करतोय,' असं तो म्हणायचा, आणि ते खरं होतं. म्हणूनच मला जास्त राग येतो.

यंत्राचं नाव काहीतरी इंग्रजी होतं. आमच्या बायका त्याला मोती म्हणायच्या, कारण ते तेवढंच होतं. कानाच्या नळीत खोल बसायचं. आपला आतला कान नुसता ऐकत नाही, तो अगदी बारीक प्रतिध्वनीही परत पाठवतो. मोती आपल्याला जाणवणारही नाही असा आवाज आत सोडायचा आणि परत येणारा प्रतिध्वनी मोजायचा. आतल्या पाण्याचा दाब वाढला की प्रतिध्वनी जरासा सरकतो. महिना-दीड महिना हे सरकणं टिपायचं, हजारो रुग्णांच्या नोंदींवर शिकवलेल्या संगणकाला द्यायचं, आणि तो सांगायचा, हा चांगला कान दहा वर्षांत आजारी पडायची शक्यता किती.

जागृतीनं मोती घातला तो चैत्र-वैशाखात, ऐन लग्नसराईत. आकडा आला त्र्याऐंशी.

त्या दिवशी हर्षद जेवायला बसला आणि ताटाला हात न लावता म्हणाला, "आई, आता उजव्या कानाचं ऑपरेशन करावं लागेल."

"काय झालंय उजव्या कानाला?"

"अजून काही नाही."

"मग?"

"होणार आहे. झटका यायच्या आधी केलं तर कृत्रिम कान नीट बसतो. ऐकण्याचा आणि तोलाचा, दोन्ही. आजार सुरू झाल्यावर तितकं यश नाही."

"आणि आत आहे तो कान?"

जागृतीच म्हणाली, "तो मरतो, आई. नव्या कानाची तार आत सरकवताना मरतो. मग परत नाही."

मी भाताचं पातेलं खाली ठेवलं. "जो कान आजारी नाही, तो आजारी पडेल म्हणून मारायचा? उद्या मी मरणार आहे, तर आज जाळून टाक मला."

"आई, तू भावनेवर जाऊ नकोस."

भावनेवर! ज्याच्या सगळ्या आकड्यांच्या मुळाशी एक परातीवर कोसळलेली बायको होती, तो मला हे सांगत होता.

मेहेंदळेबाईंनी तरी फसवलं नाही. कृत्रिम कानातून कसं ऐकू येईल, त्याचा नमुना त्यांनी जागृतीला ऐकवला. आधी बातम्या. बरं कळत होतं. जागृती म्हणाली, "गाणं लावा." मीच माझ्या फोनवरचा गोमाआत्याचा धवला दिला. जागृती ऐकत राहिली. मग तिनं कानावरचं काढून टेबलावर ठेवलं.

"ही कोण?"

"गोमाआत्या," मी म्हटलं.

"नाही हो आई. पत्र्यावर कोणीतरी खडे ओततंय."

"मेंदू हळूहळू शिकतो," हर्षद घाईनं म्हणाला. "शब्द तर सगळे कळले ना तुला?"

"कळले," ती म्हणाली.

दवाखान्याच्या बाकावर आमच्याच आळीतले धर्माकाका भोईर बसले होते. मासेमारीच्या मचव्यावर आयुष्य काढलेला माणूस, गालात कायम पान. त्यांचाही एक कान गेलेला, मोत्यानं एक्क्याण्णव सांगितलेले, आणि माघातच त्यांच्या चांगल्या कानाचं ऑपरेशन झालेलं. जागृतीला बघून मोठ्यानं म्हणाले, "घाबरू नको गो बाय. समदा ऐकू येतंय. फक्त आपला कुत्रा भुंकला तर डबा पडला असा वाटतंय."

दवाखान्यातून निघाल्यावर जागृतीनं ऑपरेशनला हो म्हटलं. का, म्हणून मी विचारलं.

"मी पडले की हर्षद पांढराफटक पडतो, आई. सहा वर्षं तो झोपेत हात लावून बघतो, मी आहे ना. त्याला एकदा झोपू दे."

त्याच आठवड्यात कंपनीतून माणूस आला, जागृतीचा फोटो काढायला. निर्मात्याच्या पत्नीनंही विश्वास ठेवला, अशी जाहिरात करायची होती. मी त्याला चहासुद्धा दिला नाही.

ऑपरेशनच्या आधी एक लग्न उरलं होतं, मोकलांच्या मुलीचं. शेवटचं म्हणून मी मुद्दाम जागृतीच्या समोर बसले. बाहेर डीजे असा धडधडत होता की पाटावरचे तांदूळ नाचत होते. जागृतीनं डोळे मिटले, उजव्या हाताचं बोट उजव्या कानात घातलं, घट्ट दाबलं आणि सूर लावला. मधे तबकातली हळद घ्यायला बोट काढायची, आवाज डगमगला की पुन्हा घालायची. तास-दीड तास हेच.

मला गोमाआत्या आठवली. तीही असंच करायची, डीजे नव्हता तेव्हाही. बाहेरचा कान बंद केला की आपला आवाज आपल्याच डोक्याच्या हाडातून ऐकू येतो, आणि नाव कुठे चढवायचं ते कळतं. जागृती चाल शिकली तशी बोटही शिकली. मी त्या बोटाकडे बघत होते. ते ज्या कानात होतं, त्याच कानात खोल तो मोतीही बसलेला असायचा. हर्षदचंच तर सांगणं होतं, की कानातला दाब बदलला की प्रतिध्वनी सरकतो.

धवला संपल्यावर मी तिला कोपऱ्यात घेतलं. "मोती घातला होतास त्या महिन्यातही बोट घालत होतीस?"

"मग काय करणार? डावा बंदच आहे. या दणदणाटात माझा सूर मला कुठे कळतोय?"

"हे हर्षदला सांगितलंस?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "त्यात काय सांगायचंय? मी गाताना दिसत नाही का त्याला?"

दुसऱ्या दिवशी रविवार होता. हर्षद ओट्यावर पेपर वाचत होता.

"तुझ्या बायकोला धवला गाताना तू शेवटचं कधी बघितलंस?"

"काय आई, सकाळी सकाळी? प्रत्येक लग्नाला तर असतो मी."

"असतोस. बाहेर, खुर्चीवर, फोनमध्ये तोंड घालून. ती गाताना हात कुठे ठेवते, सांग."

"मांडीवर."

जागृती दारात उभी होती. ती हसली. तसं हसू मला पुन्हा कधी बघायचं नाही.

"मोती आण," मी म्हटलं.

"आई, यंत्राला हालचाल, घोरणं, खोकला, सगळं ओळखता येतं. आम्ही..."

"आण म्हणते ना!"

त्यानं आणला. तिच्या कानात बसवला, फोनवर रेघ उघडली. रेघ सरळ. "आता गा," मी म्हटलं. जागृतीनं बोट न लावता दोन ओळी म्हटल्या. रेघ जराशी हलली. "आता नेहमीसारखी." तिनं बोट दाबलं आणि गायला लागली. रेघ चढली. पिवळी झाली, लाल झाली. ती गात राहिली, रेघ लालच. बोट काढलं, रेघ उतरली.

आत्ता समजलं ते इतकं साधं होतं. बोटानं नळीतली हवा दाबली जायची, हवेनं पडदा आत रेटला जायचा, आणि प्रतिध्वनी नेमका तसाच सरकायचा जसा आतलं पाणी साठल्यावर सरकतो. तासभर चढलेला दाब, मग उतार, दोन दिवसांनी पुन्हा. संगणकानं हे आजाराचं पाऊल म्हणून ओळखलं. त्याला शिकवलं होतं शहरातल्या, कचेऱ्यांतल्या लोकांवर. त्यांतलं कोण कानात बोट घालून तास तास गातं?

हर्षद पायरीवर बसला. मग म्हणाला, "चावण्यानंही होईल. जबड्यानं नळी दाबली जाते. जेवणाचं आम्ही वजा केलंय. पण दिवसभर जर कोणी..."

तो थांबला. आम्हा तिघांनाही धर्माकाकांचं पान आठवलं.

मेहेंदळेबाईंनी लग्नाचे दिवस वगळून पुन्हा आकडा काढवून घेतला. चौतीस.

"चौतीस म्हणजे?" जागृतीनं विचारलं.

"तुमच्यासारख्या शंभर जणींपैकी चौतीस."

"मी त्या चौतिसांत आहे की बाकीच्यांत?"

"ते मला नाही सांगता येणार."

"म्हणजे यंत्र यायच्या आधी होतं तसंच," जागृती म्हणाली. "मग राहू दे माझा कान मला."

मला वाटलं, संपलं. कुठलं संपतंय! गाडीत बसल्यावर हर्षद म्हणाला, "चौतीस कमी नाहीत, जागृती. तरीही करून घेऊ या."

"काय?"

"तिघींतली एक. मी नाही हा धोका घेऊ शकत."

"कान कोणाचा आहे, हर्षद?"

"पडलीस तर उचलायचं मला असतं!"

"मग नको उचलूस!" ती ओरडली. मी तिला ओरडताना पहिल्यांदा ऐकलं. "तुला शून्य पाहिजे. शून्य होण्यासाठी माझ्याकडे कानच नसला पाहिजे. तुझ्या भीतीचं औषध माझ्या डोक्यात का खुपसतोस?"

तो गाडी चालवत राहिला. खाडीचा पूल आला, गेला. मग मी म्हटलं, "घरी नको. धर्माकाकांकडे घे."

"आई, मी कळवल्यावर कंपनीनं लेखी बजावलंय, कोणाशी बोलायचं नाही. साहेब म्हणतात, एका घरातल्या प्रयोगावरून काही सिद्ध होत नाही."

"तू लहानपणी बांधावरून पडलास, तेव्हा चिखलातून कोणी काढलं होतं? साहेबांनी?"

धर्माकाका अंगणात जाळं विणत बसले होते. हर्षद त्यांच्यासमोर उभा राहून सगळं बोलला, अडखळत, पण काही न लपवता. काका त्याच्या ओठांकडे बघत होते. मधे एकदा त्यांनी तोंडातलं पान थुंकलं.

"म्हंजे माझा ह्यो कान चांगला होता?"

"कदाचित, काका. शक्यता कमी होती, एवढंच आता म्हणता येतं."

"मना परत दे."

"नाही देता येत, काका."

काकांनी सुई जाळ्यात अडकवली. "मचव्यावर वारा फिरला तं मना आधी कानान समजायचा. आता वारा आन् इंजिन एकच वाटतंय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाय, तुझे पोराला घरी घेऊन जा. माझा हात उचलंल."

माझा हात तर कधीच उचलला गेला असता. पण तो चाळीस वर्षांचा बाप्या अंगणात उभा राहून रडत होता.

पुढे काय झालं ते सांगते. हर्षदनं नोकरी सोडली आणि जे पाहिलं ते धर्माकाकांच्या दाव्यात ग्राहक न्यायालयात शपथेवर सांगितलं. आता तो तालुक्याला हॉस्पिटलची यंत्रं दुरुस्त करतो. मेहेंदळेबाईंनी चांगल्या कानांची ऑपरेशनं थांबवली आणि आपल्या जुन्या रुग्णांना स्वतः फोन केले. किती जणांनी शिव्या दिल्या, ते त्या सांगत नाहीत. कंपनी नाव बदलून अजून चालू आहे. मोत्यासोबतच्या माहितीपत्रकात एक ओळ वाढली आहे, 'वापरादरम्यान कानात बोट घालू नये.' माझ्या सुनेचं आणि धर्माकाकांचं सगळं त्या एका ओळीत मावलं. धर्माकाका निकाल लागायच्या आधीच्या पावसाळ्यात गेले. मचव्यावर ते पुन्हा चढले नाहीत.

आणि जागृतीचा उजवा कान दोन हजार एक्कावन्न साली, मार्गशीर्षात, आजारी पडला. ती चौतिसांतली निघाली. पहिला झटका आला तेव्हा हर्षदनं तिला धरलं, आणि 'मी म्हणालो होतो' हे वाक्य त्यानं तोंडातून काढलं नाही. काढलं असतं तर मी त्याला घराबाहेर काढलं असतं. लोक मला म्हणतात, बघा, यंत्राचं शेवटी खरंच झालं. मूर्ख आहेत. मधली सात वर्षं कोणाची होती? त्या सात वर्षांत आळीतल्या पोरी जागृतीच्या तोंडाशी कान लावून बसल्या आणि ती त्यांच्या चुका ऐकून दुरुस्त करत राहिली. पत्र्यावरच्या खड्यांतून तिनं कुठली चूक ऐकली असती?

आता तिचं ऐकणं येतं-जातं. कृत्रिम कान बसवायचा की नाही, ते तिचं ती ठरवील. आता तो कान खरोखर आजारी आहे, आता तो प्रश्न रास्त आहे. तोल सांभाळायला हर्षद लग्नात तिच्या मागे बसतो, आत, बायकांमध्ये, फोन न घेता.

गेल्या वैशाखात धर्माकाकांच्या नातवाचं लग्न होतं. जागृतीचा कान त्या दिवशी अगदीच बंद होता. तिनं सूर लावला तो नेहमीपेक्षा बराच खाली लागला. तिच्या दोन्ही बाजूंच्या पोरी क्षणभर थांबल्या आणि तिच्यासोबत खाली उतरल्या. मग मेलेल्यांची नावं आली. धर्मा हे नाव आखूड, तिथे सूर खेचावा लागतो. तिनं तो नेमका तिथेच खेचला, डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून भुवई वर केली, बरोबर?

मी ऐंशी वर्षांची आहे आणि माझे दोन्ही कान शाबूत आहेत. मी मान हलवली. बरोबर होतं.